गोलातली वहिनी

आमच्या घरात बोलण्याचा तुटवडा कधीच नव्हता. आई बोलते, दादा बोलतो, आणि मी तर बस डेपोत चौकशीच्या खिडकीमागे बसते, म्हणजे बोलण्याचाच पगार घेते. एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याने थांबायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. अशा घरात दादाने एक मुलगी पसंत केली आणि येऊन सांगितलं की तिच्या आईवडिलांना ऐकू येत नाही. दोघांनाही, जन्मापासून. तिला मात्र येतं. आई लगेच म्हणाली, "चला, निदान एक तरी शांत माणूस येईल घरात."

शांत कसली. वहिनीइतकी आवाज करणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. दार लावायची ते दाणकन. भांडी घासायला बसली की शेजारी विचारायचे, भांडण कुणाचं चाललंय. खुर्ची उचलून ठेवायची असते हे तिला माहीतच नव्हतं, ती फरफटत न्यायची. तिचा काय दोष? ज्या घरात ती वाढली तिथे या कशालाच आवाज नव्हता. आणि जेवायला बोलवायचं तर हाक नाही मारायची. खोलीच्या दारात उभी राहून दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद करायची, कारण माहेरी तसंच बोलावतात. पहिल्या आठवड्यात आईला वाटलं वायरिंग गेलं. तिने इलेक्ट्रिशियन बोलावला. तो बिचारा स्टुलावर चढून दिवा खोलतोय, तेवढ्यात वहिनीने बटण दोनदा दाबलं आणि म्हणाली, "जेवायला चला." तोही जेवून गेला.

वहिनीचा पेशा दुभाषीचा. खुणांच्या भाषेतून बोलीत, बोलीतून खुणांत. कोर्टात, दवाखान्यात, बँकेत, जिथे ऐकू न येणाऱ्या माणसाचं काम अडतं तिथे ती जाते. या धंद्याचा एक नियम आहे, तो आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुभाषी कधी "तो म्हणतो की" असं म्हणत नाही. समोरचा जे म्हणेल ते "मी" म्हणून बोलायचं. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. आता मराठीत "मी" म्हटलं की पुढे बाई आहे की पुरुष ते सांगावंच लागतं. म्हणजे समोर बाप्या असला की वहिनी "मी गेलो, मी आलो" म्हणणार. शेजारच्या काकू एकदा कशाला तरी कोर्टात गेल्या होत्या. त्या घामाघूम होऊन परत आल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "अहो, तुमच्या सुनेने सायकल चोरल्याचं कबूल केलंय. मी माझ्या कानांनी ऐकलं." आईला समजावता समजावता दादाच्या नाकी नऊ आले. आणि दिवसभर असं बोलून घरी आलं की वहिनीची जीभ वळायला वेळ लागतो. चप्पल काढता काढता म्हणते, "मी दमलो." आई कपाळावर हात मारते.

या वहिनीचे वडील म्हणजे आमचे कंपोझिटरकाका. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ऐकू न येणाऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ते आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्यांनी द्यायचं असतं. काकांचं नाव म्हणजे चिमटीत खिळा धरून टपकन ठेवायचा. माझं नाव काकांनीच ठेवलं, पहिल्याच भेटीत. बदकाच्या चोचीसारखा हात तोंडापाशी धरून उघड-मीट, उघड-मीट. मी विचारलं याचा अर्थ काय. वहिनी म्हणाली, "ताई, राहू द्या." मी काय ते समजले.

पण बोलकी मी नाही, काका. त्यांचे हात घटकाभर खाली नसत. सिग्नलला उभे असले तर रस्त्यापलीकडच्या मित्राशी गप्पा, गाडी मध्ये आली की तेवढी थांबायची आणि पुन्हा सुरू. छापखान्यातले विनोद सांगायचे. म्हणायचे, यंत्रांच्या आवाजाने इतरांचे कान गेले, माझं काय जाणार होतं? त्यांच्या लहानपणी शाळेत खुणा करायला बंदी होती. आपल्याला मास्तर म्हणायचे, हाताची घडी, तोंडावर बोट. त्यांना नुसती हाताची घडी घालायला लावली की पुरायचं. म्हणून काका सांगायचे, शाळेतले राहिलेले शब्द मी अजून वसूल करतोय.

आणि असा हा माणूस गेल्या वर्षी गप्प झाला. वहिनीची आई गेली तेव्हासुद्धा झाला नव्हता. तेव्हा ते तिच्याबद्दलच बोलायचे, रडायचे, पुन्हा बोलायचे. यावेळी काहीच कारण नव्हतं. वहिनी दर रविवारी जायची. काका दार उघडायचे, चहा करायचे, समोर बसायचे आणि हात कोटाच्या खिशात. तिने काही विचारलं की मानेने हो, मानेने नाही. राग आहे का? नाही. बरं वाटत नाही का? तसं नाही. माझं काही चुकलं का? नाही. मग ती परत यायची आणि दाराचा दाणकन आवाजसुद्धा व्हायचा नाही. त्या दिवशी आई म्हणायची, आज काहीतरी बिनसलंय.

"सगळ्या गावाचं बोलणं मी पोचवते, ताई," ती मला एकदा म्हणाली, "आणि माझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत."  

असं वर्ष सरत आलं आणि सरकारी वाहिनीने ठरवलं की एक दिवस करून पाहायचा. सकाळचा व्यायाम ते संध्याकाळच्या बातम्या, जे जे दाखवतात ते सगळं खुणांच्या भाषेसकट. पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल, गोलात दुभाषी. आतापर्यंत दुपारच्या बातम्यांपुरताच तो गोल असायचा. दोघांनी आळीपाळीने करायचं ठरलं: वहिनी आणि ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेतले एक मास्तर. वहिनीने रविवारी काकांना सगळा क्रम समजावला. मी सोबत होते. ती सांगत होती: बालकार्यक्रमात मी, सामन्याला मास्तर, आरोग्याच्या कार्यक्रमाला मास्तर, शेवटच्या बातम्यांना मी. आरोग्याच्या कार्यक्रमात आपल्यातल्यांनाही व्हिडिओवरून प्रश्न विचारता येईल, असंही सांगितलं. बाबा, सगळा दिवस आपल्या भाषेत, पहिल्यांदा. बघाल ना? काकांनी मान हलवली. हात खिशातून निघाले नाहीत.

"बघितलं तर बोलतील," जिन्यात वहिनी म्हणाली. "दिवसभराचं एवढं सगळं बघून माणूस गप्प कसा बसेल? काही नाही तर माझ्या चुका तरी काढतील." मग मला म्हणाली, "तुम्ही याल का त्या दिवशी माझ्याबरोबर? एकटीने जमणार नाही." मी रजा टाकली. दादा म्हणाला, मला का नाही नेत. वहिनी म्हणाली, "तुम्ही स्टुडिओत बोलाल." जशी काही मी मुकीच.

वाहिनीची इमारत बाहेरून एखाद्या मोठ्या पोस्टासारखी. आत लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि प्रत्येक दारावर लाल दिवा. बोळात एका बाजूला सकाळच्या व्यायामाच्या चटया, त्यावर बालकार्यक्रमातली कापडी कोंबडी उताणी पडलेली, तिला टेकून शेवटच्या बातम्यांचं टेबल. आम्हाला दिलेली खोली म्हणजे एका कोपऱ्यात हिरवा पडदा, समोर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली एक टीव्ही, बाजूच्या भिंतीला मोठी काच, आणि माझ्यासाठी एक स्टूल. मेकअपवाला आला. वहिनीने गडद निळा सदरा घातलेला, हातात ना बांगडी ना अंगठी, नखंही साधी. तो म्हणाला, "चेहऱ्याला काय करू?" ती म्हणाली, "चेहऱ्याला थोडंसं करा. हातांना चकाकी येऊ देऊ नका." त्याने जन्मात पहिल्यांदा कुणाच्या कोपरापर्यंत पावडर लावली असेल.

पहिली चकमक गोलावरून. ज्या पोराने तो गोल बनवला होता त्याने तो शर्टाच्या बटणाएवढा ठेवला होता, वर वहिनीने हात पसरले की कोपरापासून गायब. तिने शांतपणे विचारलं, "बातम्या देणाऱ्याचं प्रत्येक तिसरं वाक्य तुम्ही बंद करता का?" तो म्हणाला, नाही. "मग माझंही करू नका." निर्माते साहेब आले, पडद्यावरची फुलं झाकली जातील म्हणाले. वहिनी म्हणाली, "फुलं बोलत नाहीयेत." गोल ताटलीएवढा झाला. माझी छाती दोन इंच फुगली, म्हटलं आमच्याच घरची आहे.

व्यायाम सुरू झाला. शिकवणारा म्हणाला, हात वर. आता हात वर म्हणायला वहिनीने हात वर केले, तर ती सांगतेय की करतेय? आणि हात वर धरून तिने घरी बसलेल्याशी बोलायचं कसं? मला हसू आवरेना. तिने मात्र असा काही मेळ घातला, आधी सांगायचं, मग मान हलवून "करा" म्हणायचं, की मीसुद्धा स्टुलावर बसून दोन चार वेळा वाकले. त्यानंतर वाद्यसंगीत होतं. साहेब म्हणाले, "यात तुम्हाला काम नाही, चहा घ्या." वहिनी जागची हलली नाही. "पडद्यावर माणूस वाजवताना दिसणार आणि गोल रिकामा. बघणाऱ्याला वाटेल, मला सांगायचं यांच्या जिवावर आलं." आणि तिने त्या वाजवण्याचं सांगितलं. आता एकटाच वाजवतोय, अगदी सावकाश, एका सुराभोवती घोटाळतोय. आता तबल्याची संगत आली. आता दोघे पळतायत, कोण पुढे ते कळत नाही. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या दिवशी मी टीव्हीचा आवाज सोडून तिच्या हातांकडेच बघत होते, आणि मला कळलं.

बालकार्यक्रमात तर ती कोंबडीच झाली. खोटं नाही सांगत, मान, डोळे, खांदे, सगळी कोंबडी. त्यानंतर मास्तरांची पाळी आली, मग पुन्हा हिची, त्यात सभागृहातली चर्चा लागली. दोन सभासद एकदम ओरडायला लागले. वहिनी एकदा डावा खांदा पुढे करून याचं सांगायची, एकदा उजवा पुढे करून त्याचं. मग तिसरा उठला, चौथा उठला, अध्यक्ष घंटा बडवायला लागले. वहिनी थांबली, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि हातांनी एवढंच म्हणाली: सगळे एकदम बोलतायत, कुणाचंच काही कळत नाही. साहेब पळत आले, असं कसं सांगता म्हणाले. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं का कुणी काय म्हटलं ते? सांगा, मी तसं सांगते." साहेब आल्या पावली परत गेले. मी इतकी वर्षं ती चर्चा बघतेय, इतकं खरं निवेदन मी त्यावर ऐकलं नव्हतं.

पाळी संपली की ती स्टुलावर यायची आणि मी तिचे खांदे चोळायचे. डब्यातलं तिला भरवलंसुद्धा मीच, तेवढाच तिच्या हातांना आराम. आणि प्रत्येक वेळी तिचा एकच प्रश्न. "फोन बघा ना, ताई. बाबांचा काही मेसेज?" नाही. कोंबडीनंतर नाही. चर्चेनंतर नाही. मी म्हणाले, "बघत असतील गं." ती म्हणाली, "बघत असते तर कोंबडीबद्दल काहीतरी म्हणाले असते." ते मलाही खरंच वाटलं.

दुपारी फुटबॉलचा अंतिम सामना. ही मास्तरांची पाळी. मास्तर म्हणजे काटकुळा, चष्म्याचा, पण फुटबॉल म्हटल्यावर अंगात वारं शिरायचं. समालोचक दोघे, बोलण्याची गाडी सुसाट, आणि मास्तर त्यांच्या एकाही शब्दाला चुकत नव्हते. सामना बरोबरीत सुटला. जादा वेळ दिला. त्यातही बरोबरी. मग एकेकाने गोलात लाथा मारायच्या, त्याही संपेनात. खरं तर इथे वहिनीने त्यांना सोडवायला हवं होतं, तिने दोनदा खूणही केली, पण मास्तर कसले ऐकतायत. शेवटचा गोल झाला तेव्हा ते सगळ्या मैदानाच्या वतीने एकटे नाचले. आणि मग त्यांचे हात खाली आले ते आलेच. पाण्याचा पेला उचलवेना. मी तोंडाला लावला तेव्हा पाणी प्यायले.

सामना लांबला म्हणून मधला कार्यक्रम गळला, आणि आरोग्याचा कार्यक्रम लगेच सुरू व्हायचा होता. "मी करतो, मी करतो," मास्तर म्हणत होते आणि हात खांद्यापर्यंतही जात नव्हता. वहिनी उठली. "तुम्ही बसा. ही तुमची पाळी मी घेते."

कार्यक्रम हाडांच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांवर होता. सूत्रसंचालिका हसऱ्या, डॉक्टरीणबाई पोक्त आणि मऊ बोलणाऱ्या. प्रेक्षक फोन करून दुखणं सांगतात, डॉक्टरीणबाई उत्तर देतात. कुणाची मान, कुणाची कंबर. वहिनी गोलातून सगळ्यांचं सांगत होती. मध्येच कार्यक्रमातली एक मुलगी दार उघडून कुजबुजली, "खुणांमधून बोलणारे एक गृहस्थ व्हिडिओवर आलेत. निवृत्त आहेत म्हणे. पुढे त्यांनाच घेतोय. ते हातांनी बोलतील ते तुम्ही बोलून सांगायचं." वहिनीचा चेहरा उजळला. दिवसभरात आपल्यातला पहिला माणूस बोलणार होता.

कॅमेऱ्याखालच्या टीव्हीवर चित्र बदललं आणि तिथे काका होते.

इस्त्रीचा शर्ट. केस पाण्याने बसवलेले. मागे त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी.  बाहेर कुणालाच माहीत नव्हतं की हे कोण. सूत्रसंचालिका म्हणाल्या, "नमस्कार काका, विचारा तुमचा प्रश्न." वहिनीच्या हातांनी ते सांगितलं. सवयीने सांगितलं असावं, कारण तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

काकांनी हात वर आणले नाहीत. ते टेबलाखाली होते. काका पडद्याकडे बघत होते, म्हणजे गोलाकडे. मला तेव्हा लक्षात आलं की गोलात कोण आहे हे त्यांना कार्यक्रम सुरू झाल्यापासून दिसत होतं. फोन बंद करायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. टीव्हीवर शांतता म्हणजे काय, ते विचारू नका. काचेपलीकडे साहेब दोन्ही हात हलवायला लागले. सूत्रसंचालिका म्हणाल्या, "काका, ऐकू येतंय ना?" आणि जीभ चावली.

मग हात वर आले. पहिली खूण त्यांनी केली ती मला तर नाहीच, वहिनीलाही कळली नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली, ती उघडतच नव्हती. अंदाजाने काहीतरी सांगून मोकळं व्हायचं, हे तिला चालत नाही. बापाच्या बाबतीतही नाही. तिने हाताने विचारलं, पुन्हा सांगा.

काकांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक सरळ केली आणि पुन्हा सांगितलं. आणि वहिनी बोलायला लागली. आवाज असा, जसा कोर्टात असतो, सपाट आणि स्वच्छ.

"मी छापखान्यात खिळे जुळवायचो. आता निवृत्त आहे. वर्षभरापासून माझी ही दोन बोटं अडकतात. सकाळी तर मूठ उघडतच नाही. मग एकदम झटका बसून उघडते, तेव्हा फार दुखतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाला दाखवलंत का?" वहिनीने हातांनी विचारलं. काकांनी उत्तर दिलं आणि ती बोलली.

"नाही. दवाखान्यात गेलो की माझ्या वतीने माझी मुलगी बोलते. तिला न कळता मी डॉक्टरला काही विचारू शकत नाही. मला वाटलं होतं, या वेळेला मास्तर असतील."

सूत्रसंचालिकांना मास्तर कोण ते कळलं नाही. त्या उगाच हसल्या. माझ्या शेजारी मास्तर बसले होते, त्यांनी चष्मा काढला.

"आणि मुलीला का कळू द्यायचं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. किती साधा प्रश्न. वहिनीचे हात थांबतील असं मला वाटलं. त्या हातांनी तो प्रश्न विचारला, एक शब्द न गाळता.

काका बराच वेळ बोलले. मध्येच बोट अडकायचं, ते सोडवायचे, पुढे जायचे. वहिनी त्यांच्या मागोमाग.

"माझे हात म्हणजे माझी जीभ आहे. ती बोबडी झाली. आयुष्यभर लोक मला 'काय?' म्हणत आले. दुकानदार म्हणाला, साहेब म्हणाला, मी मनाला लावून घेतलं नाही. घरात असं कुणी म्हणत नव्हतं. मागच्या वर्षी मी मुलीला काहीतरी सांगत होतो. ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा सांगा. तिचा दोष नाही. पण मी घाबरलो. म्हटलं, हिलाही आपण कळेनासे झालो. म्हणून मी हात खिशात घातले."

सांगत होतो, घाबरलो. घरी येऊन चप्पल काढताना जिची जीभ अडखळते, तिच्याकडून इथे एकदाही "घाबरले" झालं नाही. इतका वेळ ती बापाचा "मी" धरून उभी होती. मी माझ्या खिडकीतून लाखो लोकांशी बोलले असेन, पण दुसऱ्याचं बोलणं असं तळहातावरच्या फोडासारखं जपून नेलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी काकांना मूठ मिटायला सांगितली, उघडायला सांगितली, नीट बघितलं. म्हणाल्या, "काका, बोट वाकवणारी जी दोरी असते ती सुजून अडकल्यासारखी दिसतेय. हात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही, पण असं असेल तर हे बरं होतं. बहुतेकदा एका इंजेक्शनने, नाहीतर अगदी छोट्या शस्त्रक्रियेने. तोवर हात खिशात ठेवू नका. बोलत राहा, हळू बोला." वहिनीने हे सगळं काकांना सांगितलं. बोलत राहा, हे तिने जरा सावकाश सांगितलं, त्याला काही नियमाची आडकाठी नसावी.

"आणि तपासायला येताना मुलीला घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्यापासून लपवू नका. तिला सांगाल ना?"

वहिनीने विचारलं. मुलीला सांगाल ना?

काकांनी गोलाकडे बघितलं. मग त्या वाकड्या बोटांनी अगदी थोडंसं काहीतरी म्हटलं. मी त्यांच्याकडून जे चार शब्द शिकले होते, त्यात ते बसत होते, त्यामुळे यावेळी वहिनी बोलण्याआधी मला कळलं.

"आत्ताच सांगितलं," वहिनी म्हणाली.

"हो का? छान, छान," सूत्रसंचालिका म्हणाल्या. त्यांना वाटलं, मुलगी घरातच कुठेतरी शेजारी बसली असेल. काकांचं चित्र गेलं आणि पुढचा फोन लागला. एका बाईंचा गुडघा दुखत होता, जिना उतरताना जास्त, चढताना कमी, आणि त्यांना सगळं अगदी पहिल्यापासून सांगायचं होतं. वहिनीने तो गुडघा सगळा सांगितला, डॉक्टरीणबाईंचं उत्तरही सांगितलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ताटलीएवढ्या गोलात ते सगळ्यांना दिसत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते.